पाटीवरचा रफू

गुरुवारी सकाळी रफूताईंनी दुकानाची खिडकी उघडली, भिंग पुसलं, सुईत धागा ओवला, आणि तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत पायरी चढून आले. ते खुर्चीवर बसले, डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला, गुडघ्याला दोनदा थोपटलं आणि मगच पिशवीतून कोट काढला.

"रविवारी सकाळी दहाच्या आत हवा," ते म्हणाले. "कोपराला कसर लागलीय."

दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. एका भिंतीला रंगवार लावलेल्या धाग्यांचे खण, दुसरीला चिठ्ठ्या टोचलेले कोट आणि शाली, मधे एक टेबल. ह्या टेबलाशी ताईंची बावीस वर्षं गेली होती. काम परत देताना त्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "भोक कुठं होतं ते शोधून दाखवा." गिऱ्हाईक कापड उजेडाला धरी, उलटं करी, चष्मा लावी आणि शेवटी हात टेकी. रफू दिसला तर तो रफू कसला!

त्यांनी कोपराचं भोक बोटानं चाचपलं. "लग्नाला जायचंय का काका?"

"भांडायला जायचंय."

"भांडायला कोट?"

"बिनकोटाचा तीनदा भांडून आलो. 'आजोबा, उद्या या' म्हणतात. कोट घालून गेलो तर निदान 'साहेब, उद्या या' म्हणतील." काकांनी खिशातून एक जाडजूड पाकीट काढून टेबलावर आपटलं. "अकरा दंड! माझ्या स्कूटरला! ती स्कूटर चार वर्षं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. ह्या गुडघ्यानं मला तुमची पायरी चढवत नाही, स्कूटर कुठली चालवतोय! आणि तीन महिन्यांपूर्वी चौकांत लागलेल्या नव्या कॅमेऱ्यांना मात्र ती दर आठवड्याला दिसते."

"मग तसं सांगायचं ना वाहतूक शाखेत."

"सांगितलं की! म्हटलं, गाडी जागची हललेली नाही, टायरांत हवासुद्धा नाही. तिथला माणूस म्हणतो, हवा नसलेल्या टायरांवर गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, तो पण लावू का?"

ताईंना इतकं हसू आलं की सुईतला धागा निसटला.

"हसा. माझ्या घरीही एकजण हसतंय," काका खिन्नपणे म्हणाले. "हे फोटो बघा. चालवणाऱ्याला टक्कल, अगदी माझ्यासारखं. आणि मागच्या सीटवर बाई आहे. दर मंगळवारी, चार ते पाच. आमची ही नेमकी त्याच वेळी बहिणीकडे जाते."

"अगंबाई! मग काकू काय म्हणाल्या?"

"काही म्हणत नाही, तीच तर काळजी आहे. चाळीस वर्षांत कधी गप्प बसली नाही ती बाई. आता फोटोकडे बघते, माझ्या गुडघ्याकडे बघते आणि गालातल्या गालात हसते. मी टायर दाखवले, तर म्हणाली, 'मी यायच्या आत हवा सोडत असाल.' बायको चिडली तर कळतं हो काय करायचं ते. हसली की काय समजायचं माणसानं?"

ताईंनी सहानुभूतीनं मान हलवली आणि एक फोटो सवयीनं भिंगाखाली धरला. फोटो करडा होता, पण स्वच्छ. पांढरी रेघ ओलांडून दीड हात पुढे थांबलेली स्कूटर, पाटीवरचा शेवटचा आकडा आठ. चालवणारा पाठमोरा. डोक्यावर हेल्मेट नाही; ते कोपराला अडकवलेलं, जणू देवानं त्याला मेंदू कोपरात दिला होता. डोक्यावर चकचकीत टक्कल आणि टकलाच्या बरोबर मधे, फोटोत भिंगातूनच दिसेल असा एक तीळ. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीचं गाठोडं आणि खांद्यावर पानांच्या काठाची शाल.

त्या शालीच्या काठात डावीकडून तिसरं पान नवं घातलेलं होतं. जगात कुणाला ते ओळखता आलं नसतं. ताईंना आलं, कारण ते त्यांनीच घातलं होतं. आणि त्या तिळाशी तर त्यांचा सत्तावीस वर्षांचा संसार होता.

"ओळखता का हो ह्या बाईला?" काकांनी विचारलं. "तुमच्याकडे बायका बऱ्याच येतात."

"पाठमोरी आहे ना," ताई क्षीण आवाजात म्हणाल्या. "पाठीवरून कसं सांगणार?"

"जाऊ द्या. रविवारी सगळं बाहेर येईल. वाहतूक शाखेचा कार्यक्रम आहे सभागृहात. कुणा ड्रायव्हिंगच्या मास्तराचा सत्कार आहे म्हणे, वीस वर्षांत एकही दंड नाही म्हणून. मोठे साहेब येणार. मी भर सभेत उभा राहतो आणि हे अकरा फोटो त्या मास्तराच्या नाकासमोर धरून विचारतो, की बाबा रे, तुझ्यासारख्या सज्जनाला बक्षीस देतात, मग ह्या चोराला कोण पकडणार?"

ताईंच्या बोटात सुई रुतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मास्तर म्हणजे ताईंचे यजमान. ते दुपारी बारा वाजता जेवायला आले, स्कूटर दाराशी लावली आणि हात धुवायला आत गेले. ताई भिंग घेऊन बाहेर आल्या. आधी पुढची पाटी पाहिली. शेवटचा आकडा तीन. मग वळसा घालून मागची पाटी पाहिली. शेवटचा आकडा आठ.

त्यांनी पुन्हा पुढे जाऊन पाहिलं. पुन्हा तीन. गाडी पुढून खरी होती आणि मागून खोटी.

मग त्यांना ती दुपार आठवली. चार वर्षांपूर्वीची. मास्तर जेवून झोपले होते, स्कूटर भिंतीला नाक लावून उभी होती, आणि मागच्या पाटीवरचे काळे आकडे खडी लागून लागून टवके उडालेले. झिजलेली वस्तू समोर दिसावी आणि ताईंचे हात स्वस्थ बसावेत, हे होणे नाही. खिडकीचा काळा ऑइलपेंट वाटीभर उरला होता. त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि एकेक आकडा भरत गेल्या. शेवटच्या आकड्याची उजवी बाजू शाबूत होती, वर एक गोलाई, खाली एक गोलाई. डावीकडे मात्र नुसते दोन काळे ठिपके. रफूचा पहिला धडा काय? जे उरलंय त्यावरून जे गेलंय ते ओळखायचं. अर्ध्या पानावरून पूर्ण पान. ताईंनी दोन ठिपक्यांवरून आठाची डावी बाजू ओळखली आणि अशी बेमालूम भरली की कारखान्यातून आल्यासारखी. ते ठिपके डांबराचे होते, हे त्यांना आज कळत होतं. सुतावरून स्वर्ग गाठतात लोक. ताईंनी डांबरावरून गाठला होता.

गाडीचा नंबर त्यांना पाठ नव्हता का? नव्हता. गर्दीत नवऱ्याची स्कूटर ओळखायला त्यांना नंबर कधी लागलाच नाही. तीळ पुरे होता.

आणि मास्तर? मास्तर प्रत्येक शिष्याला पहिल्याच दिवशी सांगत, "गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारावी. पुढची पाटी, मागची पाटी, दिवे, टायर." हे सांगताना ते स्वतः खुर्चीवर बसलेले असत.

जेवताना ताईंनी विषय काढायचा ठरवलं. पण मास्तरांनी घास घेण्याआधीच खिशातून कागद काढला.

"भाषण ऐक. 'मित्रहो, पांढरी रेषा ही रस्त्यावर नसते, ती मनात असते.' कसं वाटलं?"

"छान आहे." ताईंनी वाटी पुढे सरकवली. "अहो, पण तुम्ही कधी त्या रेषेच्या पुढे थांबता का?"

"मी?" मास्तरांचा घास हवेतच राहिला. "अगं, रेषा आपणहून मागं सरकते मला बघून! वीस वर्षं! एक पावती दाखव माझ्या नावावर."

"आणि हेल्मेट?"

"सदैव जवळ असतं."

ते खोटं बोलत नव्हते. कोपर जवळच असतं माणसाच्या.

"काल वाहतूक शाखेचा कारकून आला होता आमच्या ड्रायव्हिंगच्या शाळेत," मास्तर पुढे म्हणाले. मग जरा थांबून, ताटाकडे बघत, हळू आवाजात, "तुला सांगतो, आयुष्यात मला कधी कसलं बक्षीस मिळालं नाही. शाळेत असताना लिंबू-चमच्यात तिसरा आलो होतो, तर धावणारेच तिघं होते म्हणून तिसऱ्याला काही दिलं नाही. आता मिळतंय तर बरं वाटतंय."

ह्यावर कुठल्या बायकोनं तोंड उघडलं असतं? ताईंनी त्यांना आणखी भात वाढला.

शुक्रवारी ताई बाजारातल्या पाटीवाल्याकडे गेल्या. आडवळणानं विचारलं, की समजा, एखाद्याच्या पाटीवरच्या आठाचा तीन करायचा झाला, तर?

पाटीवाल्यानं ब्रश खाली ठेवला आणि त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "बाई, चांगल्या घरच्या दिसता."

"आहेच मी चांगल्या घरची! मी बदलत नाहीये, उलट पहिल्यासारखं करतेय."

"सगळे असंच म्हणतात. एकजण येतो, म्हणतो पाटी जरा वरच्या अंगाला दुमडून दे, पावसाचं पाणी साचतं. दुसरा म्हणतो, शेवटच्या आकड्यावर ग्रीस आपोआप उडतं. एकानं तर पाटीवर पडदा लावलाय, खटक्यानं वर-खाली होणारा. म्हणे, ऊन लागतं पाटीला! तुमचं काय कारण?"

"मी रफू केला होता पाटीला."

पाटीवाल्यानं हात फडक्याला पुसले. मग आदरानं म्हणाला, "हे अजून कुणी सांगितलं नव्हतं." पण काम घ्यायला तो तयार झाला नाही. मालकानं कागदपत्रं घेऊन स्वतः यावं, म्हणाला. मालक कुठल्या तोंडानं येणार? मालक आरशासमोर भाषण पाठ करत होता.

शेवटी आपण घातलेला टाका आपणच उसवायचा, असं ठरवून ताईंनी शनिवारची दुपार साधली. मास्तर केस कापायला गेले होते. होते तेवढे. ताईंनी दाभणाच्या टोकाला कापूस गुंडाळला, थिनरमध्ये बुडवला आणि भिंग लावून आठाची डावी बाजू केसाकेसानं पुसत आणली. तासाभरात आठाचा तीन झाला. खालच्या पांढऱ्याला ओरखडासुद्धा नाही. पुढची पाटी आणि मागची पाटी आता सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. ताईंच्या जिवात जीव आला.

काकांचा कोट त्यांनी त्याच संध्याकाळी पुरा केला. आतल्या शिवणीतून धागे काढून ताण्यात ताणा, बाण्यात बाणा असा भरला, की कसरीनंसुद्धा बुचकळ्यात पडावं. काम चालू असताना मनात एकच घोळत होतं. उद्याचा सत्कार होऊन जाऊ दे. काका काय बोलायचं ते बोलोत, कुणी ऐकणार नाहीच. सोमवारी सकाळी आपण मास्तरांना सांगू, दोघं मिळून काकांच्या घरी जाऊ, काकूंचे पाय धरू, दंड आपल्या नावावर करून घेऊ. खरं काही दूध नव्हे, एका दिवसानं नासायला. असं त्यांनी मनाला बजावलं. तरी प्रत्येक टाक्याला मन म्हणत होतं, तो म्हातारा उद्या भर सभेत खोटा ठरणार आणि खरं तुझ्या पिशवीत बसलेलं असणार.

रविवारी सकाळी काका कोट न्यायला आले. कोपर उजेडाला धरून बघितलं, उलटं केलं, आणि हात टेकले. "कमाल आहे, ताई! खोटं कुठं आणि खरं कुठं, काही कळत नाही."

"हो ना," ताई म्हणाल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत मास्तरांचे आजी-माजी शिष्य, तिसऱ्या रांगेत कोट घातलेले काका आणि त्यांच्या शेजारी एक ठेंगण्या, प्रसन्न चेहऱ्याच्या बाई. त्या खरोखरच गालातल्या गालात हसत होत्या. मंचाशेजारी मास्तरांची स्कूटर धुऊनपुसून, लोकांकडे पाठ करून उभी केली होती. ताई बरोबर काकांच्या मागच्या रांगेत बसल्या. दुसरीकडे जागाच नव्हती.

मोठे साहेब उठले. त्यांनी मास्तरांचा गौरव केला, मास्तरांनी रेषा मनात असल्याचं सांगितलं, शिष्यांनी टाळ्या वाजवल्या. काका पाकीट काढून उठायच्या बेतात होते, गुडघ्यामुळे वेळ लागत होता. तेवढ्यात साहेबांनी पितळी मानचिन्ह हातात घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मास्तरांचं नाव वाचलं, हुद्दा वाचला, आणि खाली कोरलेला गाडीचा नंबर वाचला.

शेवटचा आकडा आठ.

"अहो, तो माझा नंबर आहे!" काका गुडघा विसरून ताडकन उभे राहिले.

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी मानचिन्ह पाहिलं, मग स्कूटरची पाटी पाहिली. पाटीवर तीन. त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून मास्तरांच्या शाळेत जाऊन, गाडीच्या मागं वाकून, स्वतःच्या हातानं नंबर लिहून घेऊन आला होता.

"साहेब, आठच होता! बुधवारी मी ह्या डोळ्यांनी पाहिला!"

"तुला तीन आणि आठ कळत नाहीत? पितळेवर कोरून आणलास!"

"साहेब, आईशप्पथ, आठ होता!"

"आणि ह्या माझ्या आठावर अकरा दंड आहेत!" काकांनी पाकीट उलटं केलं. फोटो जमिनीवर पसरले. "त्याचं सांगा आधी!"

"आजोबा, खाली बसा. तुमचं उद्या बघू."

"साहेब म्हणा, कोट घातलाय मी!"

कारकून रडकुंडीला आला होता. काका काठी आपटत होते. मंचावर मास्तर मानचिन्हासाठी पुढे केलेले हात तसेच ठेवून उभे होते. आणि ताईंच्या लक्षात आलं, की आपण एक टाका लपवायला गेलो आणि तीन माणसं उसवली. त्या उठल्या. खांद्यावरची शाल नीट केली. तीच शाल, पानांच्या काठाची.

"त्या कारकुनाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "बुधवारी आठच होता. मी केला होता तो. आणि काल मीच उसवला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऑइलपेंट, टवके, डांबराचे ठिपके, थिनर. बोलताना त्या मंचाकडे बघत नव्हत्या. खाली पडलेला एक फोटो उचलून त्या काकांच्या शेजारच्या बाईंसमोर गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. "ही बाई मी आहे, काकू. हा काठ बघा. पुढचे आमचे हे. दर मंगळवारी मी तयार कपडे धोबीखान्यात पोचवायला जाते. तुमच्या माणसाची काही चूक नाही."

काकूंनी काठ पाहिला, फोटो पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे ह्यांचा गुडघा बरा नाहीच?"

"नाही," काका म्हणाले. "तेच तर सांगतोय महिनोन् महिने."

"अहो, मला वाटलं, ह्या वयात स्कूटरवरून बाई फिरवतोय, म्हणजे गुडघा चांगलाच सुधारलाय! चला, बरं झालं म्हटलं. मी डोंगरावरच्या सहलीची दोन तिकिटं काढून ठेवलीत. तीनशे पायऱ्या आहेत तिथं!" त्यांनी सुस्कारा सोडला. "आता बहिणीला घेऊन जाते."

आधी कारकून हसला, मग शिष्य, आणि मग साहेबांनासुद्धा तोंडावर हात धरावा लागला. पण साहेब शेवटी साहेब होते. त्यांनी घसा साफ केला. अकरा दंड मास्तरांच्या नावावर येतील, म्हणाले. शिवाय पाटीच्या आकड्यात फेरफार केल्याचा बारावा. "तो कुणाच्या नावावर लिहू?"

"गाडी माझी आहे," मास्तर मंचावरून म्हणाले. "माझ्याच नावावर लिहा."

"मुळीच नाही," ताई म्हणाल्या. "काम माझं आहे. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव घालू द्यायची नाही मी."

"अगं, पण मालक मी आहे ना!"

"तुम्ही झोपला होतात!"

"दोघांच्या नावावर लिहितो," साहेब घाईनं म्हणाले.

राहता राहिलं मानचिन्ह. पितळेवरचा आकडा काही ताईंनाही उसवता आला नसता. साहेबांनी विचार केला आणि ते काकांच्या हातात दिलं. नंबर त्यांचाच होता आणि चार वर्षांत त्या गाडीनं खरोखरच कुठला नियम मोडला नव्हता. काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते भांडणाचं भाषण पाठ करून आले होते, दुसरं तयार नव्हतं. "मी... मी कुणाला सोडणार नव्हतो," ते म्हणाले आणि मानचिन्ह कोटाच्या बाहीनं पुसू लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोट त्यांना फार शोभून दिसत होता.

परतताना मास्तरांचं हेल्मेट डोक्यावर होतं. प्रत्येक चौकात ते पांढऱ्या रेषेच्या मागं चांगली एक गाडी मावेल इतकी जागा सोडून थांबत, आणि त्या जागेत खरोखरच एकेक गाडी येऊन उभी राहत होती. मागून भोंगे वाजत होते. ताई पाठीमागं बसून त्यांच्या मानेकडे बघत होत्या. तीळ दिसत नव्हता, त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

घरी आल्यावर मास्तर सरळ पुढच्या खोलीत गेले. साहेबांनी दंडाचे अकराही कागद त्यांच्या हवाली केले होते. ते त्यांनी रफूच्या टेबलावर तारीखवार मांडले आणि भिंग घेऊन वाकले.

"अहो, चुकलं माझं," ताई दारातून म्हणाल्या. "लिंबू-चमच्यासारखंच झालं पुन्हा."

मास्तरांनी भिंग एका कागदावर स्थिर केलं. मग म्हणाले, "हा दुधाच्या दुकानाजवळचा चौक. तू मला काहीतरी सांगतेयस बघ, पुढं वाकून."

ताई जवळ आल्या. "मीठ संपलंय, असं सांगत असेन."

"आणि इथं छत्री धरलीयस माझ्या डोक्यावर. स्वतः भिजतेयस." त्यांनी पुढचा कागद ओढला. "ह्यात तर हसतेयस."

"पाठमोरी आहे मी!"

"मग? खांद्यावरून कळत नाही का मला?"

दोघं बराच वेळ पाहत राहिले. लग्नातला एक फोटो सोडला तर दोघांचा एकत्र असा फोटो घरात नव्हता, आणि त्या एकातही पाहुण्यांच्या घोळक्यात मास्तरांचा नुसता कान आला होता. मास्तर इतरांना शिकवण्यात गुंतलेले, ताई इतरांचे कपडे सांधण्यात. आणि हे अकरा फोटो सरकारनं आठवड्यामागून आठवडे खपून, कुणीही न सांगता काढले होते.

"महाग पडले," ताई म्हणाल्या.

"फोटोग्राफर चांगला होता," मास्तर म्हणाले.

सोमवारी दंड भरला आणि मास्तरांनी येताना एक चौकट आणली. मानचिन्हासाठी भिंतीला आधीच ठोकलेला खिळा रिकामा होता, त्याच्यावर तो हसऱ्या खांद्यांचा फोटो लागला. मास्तर दोन पावलं मागं सरकून समाधानानं बघत उभे राहिले.

ताईंनी मात्र डोळे बारीक केले. मग त्या खणाकडे वळल्या आणि सगळ्यात बारीक ब्रश शोधू लागल्या.

"काय शोधतेस?"

"काही नाही हो. फोटोत तेवढा आठ दिसतोय. डावीकडून जरासं पांढरं भरलं, की—"

"अगं," मास्तर चौकटीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, "तू हात लावू नकोस."